वारा, पाणी आणि आजींची खाट

गेल्या श्रावणात एका रुग्णाच्या घरी जावे लागले. वय ८१, रक्तदाबाची जुनी तक्रार, दृष्टी मंदावलेली, तरीही स्वतःचे सर्व काही स्वतः करणाऱ्या आजी. रात्री दीडच्या सुमारास त्या लघवीसाठी उठल्या आणि अंधारात तोल जाऊन पडल्या. डावे मनगट मोडले होते. खुब्याचे हाड वाचले, ही मोठीच गोष्ट. बारा वर्षे ज्या खोलीत त्या झोपत होत्या, त्याच खोलीत, त्याच वाटेवर हे कसे घडले, असे मी विचारले. आजींनी उजव्या हाताने खाटेकडे बोट दाखवले. "वाट तीच कुठे राहिली, डॉक्टर? खाट फिरवली ना यांनी."

खाट खरोखरच फिरवलेली होती. नातवाने मोबाइलवर आजींची जन्मतारीख घालून त्यांचा 'कुआ' अंक काढला होता. त्या अंकाला अनुकूल अशी दिशा मिळाली आणि एका दुपारी उशी एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे गेली. त्यासरशी दिव्याचे बटण हाताच्या टप्प्याबाहेर गेले. खाटेवरून उतरल्यावर उजव्या हाताला सात-आठ पावलांवर असलेले संडासाचे दार आता खाटेला वळसा घालून डाव्या हाताला आले. पायांना पाठ झालेला रस्ता असा एका दिवसात पुसला गेला. मुलगा खिन्नपणे म्हणाला, "आईला बरं वाटावं म्हणूनच केलं होतं हो." त्याच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही.

त्या भेटीनंतर फेंगशुई या विषयाचे जे वाचन झाले, ते मी मुद्दाम वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण घरोघरी ज्येष्ठांच्या खोल्यांत या नावाने फेरबदल होत आहेत, आणि मूळ शास्त्र मात्र बाजारात मिळणाऱ्या फेंगशुईहून बरेच निराळे आहे. वृद्ध माणसाने घरात कोठे राहावे याविषयी त्या परंपरेत एक चांगला विचार आहे. तो विचार बाजूला राहून भलताच भाग आपल्याकडे आला, असे माझे मत झाले आहे.

'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. या जोडशब्दामागची कल्पना एका जुन्या चिनी ग्रंथात सापडते. तो ग्रंथ कुओ पू (इ.स. २७६ ते ३२४) या विद्वानाच्या नावावर सांगितला जातो. नवलाची गोष्ट अशी की, तो घराविषयी नसून दफनाविषयी आहे. पूर्वजांच्या अस्थी जेथे स्वस्थ राहतील तेथे त्यांच्या वंशजांची भरभराट होते, अशी समजूत होती. म्हणून थडग्यासाठी जागा कशी निवडावी, हा त्याचा विषय. भूमीतून एक प्राणशक्ती वाहते, वाऱ्याने ती विखुरते, पाण्याच्या काठाशी ती थांबते. तेव्हा वाऱ्यापासून आडोसा आणि जवळ पाणी असलेली जागा उत्तम, असा त्यातील विचाराचा गाभा.

या शक्तीला मराठी पुस्तकांतून 'ची' म्हणतात. मूळ उच्चार 'छी'च्या बराच जवळ जातो. तो आपल्याकडे का रुळला नाही, हे सांगण्याची गरज नाही. आपल्या 'प्राण' या कल्पनेशी तिचे साम्य आहे. चिनी वैद्यकातही हीच 'ची' शरीरात वाहते असे मानले जाते. म्हणून भूमी, घर आणि देह या तिन्हींसाठी तेथे एकच भाषा वापरली जाते. आधुनिक वैद्यकाच्या कोणत्याही उपकरणाने 'ची' मोजता आलेली नाही. परंतु वारा, ओल, ऊन आणि उतार हे मोजता येतात, आणि जुने भूमिपरीक्षक प्रत्यक्षात तेच पाहत असत.

उत्तम जागेचे त्यांचे चित्र चार प्राण्यांच्या रूपात सांगितलेले आहे. पाठीशी, म्हणजे उत्तरेला, काळे कासव: उंच डोंगर. डावीकडे पूर्वेला निळसर हिरवा ड्रॅगन आणि उजवीकडे पश्चिमेला पांढरा वाघ: दोन्ही बाजूंच्या टेकड्या, त्यांतही ड्रॅगनाची बाजू थोडी उंच. समोर दक्षिणेला लाल पक्षी: मोकळी, सखल जागा आणि शक्यतो वळण घेत जाणारे पाणी. पाठ आणि दोन हात असलेल्या खुर्चीत माणूस बसावा, तसे घर त्या कुशीत बसते. हे सारे का, याचे उत्तर चीनच्या हवामानात आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात मंगोलिया आणि सायबेरियाकडून बोचरे वारे येतात. पारा शून्याखाली उतरतो. अशा ठिकाणी उत्तरेला आडोसा आणि दक्षिणेला ऊन मिळवणे म्हणजे जगण्याची व्यवस्था करणे होय.

बीजिंगचा १४२० साली पूर्ण झालेला राजवाडा दक्षिणाभिमुख आहे. त्याच्या पाठीशी नैसर्गिक डोंगर नव्हता, म्हणून खंदक खोदताना निघालेल्या मातीची टेकडी तेथे रचण्यात आली. हाँगकाँगच्या ग्रामीण भागात जुन्या वस्त्यांच्या मागे आजही 'फेंगशुईचे वन' आढळते. ते तोडणे गावाला अशुभ मानले गेल्याने आजूबाजूची झाडी गेली, तरी ही राने टिकली. आपल्या सह्याद्रीतील देवरायांची येथे आठवण व्हावी. अशा वनाने उतारावरची माती धरली, वारा अडवला, सावली दिली. श्रद्धेचे कारण काहीही असो, परिणाम हितकर होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळते. बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांतून चारही बाजूंना खोल्या आणि मध्ये चौक अशी घरे असत. आपल्या वाड्याशी त्यांचे नाते लगेच लक्षात येते. गल्लीकडून आत येण्याचे दार बहुधा आग्नेय कोपऱ्यात. आत शिरताच समोर एक आडवी भिंत. तिच्यामुळे वारा थेट आत येत नाही आणि रस्त्यावरच्या माणसाची नजरही. चौकाच्या उत्तर बाजूला दक्षिणेकडे तोंड करून असलेली इमारत ही घरातील सर्वांत उंच आणि प्रशस्त. थंडीत तिच्यात ऊन खोलवर येते. या सर्वोत्तम खोल्यांत कोण राहत असे? घरातील सर्वांत वडील पिढी. मुलगे आणि सुना पूर्व-पश्चिमेच्या खोल्यांत, आणि नोकरमाणसे दक्षिणेकडच्या, उत्तरेला तोंड असलेल्या अंधाऱ्या खोल्यांत.

मी गेली कित्येक वर्षे घरोघरी रुग्ण पाहते आहे. आपल्या सदनिकांत आजी-आजोबांची खाट कोठे असते, हे मला ठाऊक आहे. दिवाणखान्यातील दिवाणावर, जेथे रात्री अकरापर्यंत दूरदर्शन संच चालू असतो. किंवा मागच्या लहान खोलीत, जेथे खिडकीला कपाट टेकवलेले असते. त्यामागे दुष्टावा नसतो. जागा अपुरी असते, मुलांचा अभ्यास असतो. तरीही फेंगशुईच्या नावाने कासवे आणि नाणी विकत आणणाऱ्या घरांनी त्या परंपरेतील ही एक गोष्ट मात्र आणलेली मी पाहिली नाही.

उरलेली तत्त्वे थोडक्यात पाहू. यिन आणि यांग ही जोडी सर्वांच्या परिचयाची आहे. या शब्दांचे मूळ अर्थ डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू असे साधे आहेत; थंड-उष्ण, स्थिर-चंचल, रात्र-दिवस हा विस्तार नंतरचा. कोणतीही एक बाजू वाईट नसून दोहोंचा तोल हवा, असे सांगितले आहे. निजण्याची खोली यिनकडे झुकलेली म्हणजे शांत, मंद प्रकाशाची असावी. बसण्या-उठण्याची यांगकडे झुकलेली.

चिनी पंचतत्त्वे म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. आपल्या पंचमहाभूतांशी त्यांची गल्लत करू नये. त्यांत वायू नाही, आकाश नाही. शिवाय ही द्रव्ये नसून एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या अवस्था आहेत. लाकूड अग्नीला पोसते, अग्नीची राख माती होते, मातीत धातू सापडतो, धातूपासून पाणी आणि पाण्याने पुन्हा झाड, हे पोषणाचे चक्र. पाणी अग्नीला विझवते, अग्नी धातूला वितळवतो, धातू लाकडाला कापतो, लाकूड मातीला भेदते, माती पाण्याला बांध घालते, हे नियंत्रणाचे चक्र. प्रत्येकाला रंग, ऋतू, दिशा आणि शरीरातील अवयव नेमून दिलेले आहेत. यांच्या जोडीला आठ दिशांची आठ चिन्हे असलेला 'बागुआ' आहे.

दिशा पाहण्याचे साधन म्हणजे 'लुओपान': मध्ये चुंबकसूची आणि भोवती अनेक वर्तुळे असलेली तबकडी. चुंबकसूचीची कथा रंजक आहे. लोहचुंबकावर घासलेली सुई दक्षिण दाखवते, पण किंचित पूर्वेकडे ढळते, अशी नोंद शेन कुओ या चिनी पंडिताने १०८८ च्या सुमारास केली होती. समुद्रावर जहाजांना वाट दाखवण्याआधी ही सुई चीनमध्ये जमिनीवर दिशा ठरवण्यासाठी वापरात होती, असे इतिहासकार मानतात.

येथपासून दोन पंथ दिसतात. एक डोंगर, पाणी, उतार असे भूमीचे रूप पाहणारा. दुसरा सूचीवरून दिशांचे गणित मांडणारा. 'कुआ' अंक हा या दुसऱ्या पंथातील एका शाखेचा. जन्मवर्ष आणि स्त्री की पुरुष यांवरून तो निघतो व प्रत्येकाला चार दिशा चांगल्या, चार वाईट ठरतात. नवरा-बायकोचे अंक विरुद्ध गटांत निघाले तर एका पलंगाचे काय करायचे, हा प्रश्न सल्लागारांनाही पडतो. आमच्या आजींच्या बाबतीत आणखीच गंमत होती. "तुमची जन्मतारीख खरी काय?" असे विचारल्यावर त्या हसल्या. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट लावलेली १ जून, आणि सालही अंदाजाने! ज्या अंकावरून खाट फिरली, त्याचा पायाच गुरुजींच्या सोयीचा होता. शिवाय मोबाइलमधील होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ धरले की सुई भलतीकडे वळते, हे कोणीही घरी करून पाहावे.

अमेरिकेत लिन युन यांनी लोकप्रिय केलेल्या शाखेत तर होकायंत्र वापरतच नाहीत. दाराच्या बाजूवरून बागुआ मांडतात. म्हणजे एकाच घरात दोन जाणकार आले, तर 'आरोग्याचा कोपरा' दोन ठिकाणी निघू शकतो. यात आपल्या वास्तुशास्त्राची भर पडली की घरातील माणसे पुरती गोंधळतात. चिनी परंपरेला दक्षिणेचे दार प्रिय. आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे पाय करून झोपूसुद्धा नये. दोन्ही समजुती आपापल्या भूमीत वाढलेल्या आहेत. बीजिंग सुमारे ४० अक्षांशावर आहे. तेथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो. मुंबई १९ अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. आपल्याला सायबेरियाच्या वाऱ्याची भीती नाही, नैऋत्येच्या झडीची आहे. कोकणातील माणूस पावसाळ्यापूर्वी घराला झापांचा आडोसा करतो, तेव्हा तो आपल्या भूमीची फेंगशुईच पाळत असतो, असे म्हणता येईल. चीनच्या दिशा जशाच्या तशा उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबराचा चष्मा लावण्यासारखे आहे.

बाजारातील वस्तूंविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हसणारा, ढेरपोट्या 'लाफिंग बुद्धा' हा गौतम बुद्ध नसून बूदाई नावाचा दहाव्या शतकातील चिनी भिक्षू. तीन पायांचा बेडूक लोककथेतून आलेला. कुओ पूच्या नावावरील ग्रंथात यांतील काहीही नाही. त्या मूर्तींनी कोणाचे नुकसान होत नाही, एवढेच. आजोबांना तो हसरा चेहरा आवडत असेल तर अवश्य ठेवावा.

'लकी बांबू'ची गोष्ट मात्र वेगळी. ती वनस्पती बांबू नाही आणि मुळात चीनचीही नाही. ड्रॅसिना कुळातील ते झुडूप मध्य आफ्रिकेतले. ते पाण्यात ठेवतात, आणि डॉक्टर म्हणून माझी हरकत त्या पाण्याला आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. २००१ साली कॅलिफोर्नियात आशियाई टायगर डास आढळला, तो चीनहून जहाजाने आलेल्या याच लकी बांबूच्या पेट्यांबरोबर. वाटेत रोपे टिकावीत म्हणून त्यांत पाणी ठेवलेले होते. आपल्याकडे या रोपाचे भांडे बहुधा आजारी माणसाच्या उशाशीच असते. अंड्यापासून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकावे आणि भांडे आतून घासावे, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात व कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांना डेंग्यू झाल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यांना ताप आल्यास अंगदुखीची कोणतीही गोळी मनाने देऊ नये. पॅरासिटामॉल तेवढे चालते, आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. नेहमीची गोळी थांबवायची की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्यावे.

याहूनही अधिक अपाय मला भीतीचा दिसतो. "तुमची खोलीच दोषाची आहे" असे एखाद्या अंथरुणावरच्या माणसाला सांगितले, तर तो काय करील? त्याला खोली बदलता येत नाही, देहही बदलता येत नाही. १९९३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिनी परंपरेत जन्मवर्षाला पंचतत्त्वांपैकी एक तत्त्व, आणि त्या तत्त्वाला विशिष्ट अवयव जोडलेला असतो. अमेरिकेतील २८,००० हून अधिक चिनी वंशाच्या मृतांच्या नोंदी तपासल्या असता असे दिसले की, ज्यांचा आजार आणि जन्मवर्ष यांचा योग अशुभ मानला जातो, त्यांचा मृत्यू तोच आजार असलेल्या इतरांपेक्षा १.३ ते ४.९ वर्षे आधी झाला होता. गोऱ्या अमेरिकनांत असा फरक नव्हता. आणि परंपरेवरील निष्ठा जितकी दृढ, तितका तो अधिक होता. हा अभ्यास नोंदींवरचा आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी घरी येणाऱ्या सल्लागाराने आजारी माणसासमोर बोलताना जीभ सांभाळावी, असे सांगण्यास तो मला पुरेसा वाटतो.

मग घ्यावे काय? निजण्याच्या जागेविषयी फेंगशुईचे काही संकेत मला वैद्यक म्हणून मान्य आहेत. त्यांची कारणे मात्र मी माझी देईन. उशीमागे भक्कम भिंत असावी: रात्री उठताना आधार मिळतो, गुडघे दुखणाऱ्याला टेकून बसता येते. खाटेवरून दार दिसावे, पण खाट दाराच्या अगदी सरळ रेषेत नसावी: कोण आले हे कळते, ऐकू कमी येणारा माणूस दचकत नाही आणि झोतही थेट अंगावर येत नाही. खाटेसमोर आरसा नसावा: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी काहींना आरशातील स्वतःची ओळख पटत नाही, परका माणूस खोलीत आला असे वाटून ते रात्री घाबरतात. अशा घरी मी स्वतः आरशावर चादर टाकायला लावली आहे. खाटेखाली आणि वाटेत अडगळ नसावी, हे तर सांगायलाच नको. जाता-येता पायात येणारी सतरंजी, जमिनीवरून गेलेली चार्जरची वायर, दाराशी काढलेल्या चपला यांनी जितकी हाडे मोडलेली मी पाहिली, तितकी जिन्याने नाहीत.

खिडकी कोणत्याही दिशेची असो, ती उघडी राहावी. 'दोषाची' म्हणून खिळे ठोकून बंद केलेली खिडकी मी एका दमेकऱ्याच्या खोलीत पाहिली आहे. तेथे कुबट वास आणि भिंतीला बुरशी होती. खिडकीतून काय दिसते, हेही महत्त्वाचे. रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या, त्या १९८४ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा कमी दिवस राहावे लागले आणि तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान आहे. तरी खाट अशी ठेवावी की पडल्या पडल्या आंब्याचा शेंडा किंवा निदान आकाशाचा तुकडा दिसेल, यात खर्च काहीच नाही.

उजेडाच्या बाबतीत मात्र यिन-यांगच्या नावाने काटकसर नको. साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. झोपताना मोठा दिवा नसला तरी खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत मंद दिवा रात्रभर असावा. फेंगशुईत संडासाचे दार सदैव बंद ठेवण्यास सांगतात. रात्री ज्येष्ठांसाठी ते उघडे व आतला दिवा लावलेला असणे बरे, आणि आतली कडी तर काढूनच टाकावी. आणखी एक गोष्ट: खाट हलवण्याची खरोखरच गरज पडली, तर ज्याची खाट आहे त्याला आधी विचारावे. मग दिवसा, उजेडात, त्या नव्या वाटेवरून चार-पाच वेळा हाताला धरून चालवून आणावे.

आजींच्या पडण्याला सर्वस्वी खाटच कारण होती असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. झोपलेल्या अवस्थेत आणि उभे राहिल्यावर रक्तदाब मोजला, तेव्हा वरचा आकडा २० हून अधिक उतरला. औषधाची मात्रा कमी केली. उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसायचे, मग उभे राहायचे, असे शिकवले. हाडांच्या घनतेची तपासणीही करायला सांगितली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले तेव्हा पुन्हा त्यांच्या घरी गेले. खाट मूळ जागी आलेली होती. उशी भिंतीला, दार नजरेसमोर, बटण हाताशी. खिडकीपुढचे कपाट नातवाने दुसऱ्या खोलीत हलवले होते, त्यामुळे सकाळचे ऊन आता पांघरुणापर्यंत येत होते. लकी बांबू स्वयंपाकघराच्या खिडकीत गेला होता. त्याचे पाणी दर रविवारी बदलण्याचे काम नातवाकडे होते, आणि त्याने ते केले की नाही, हे विचारण्याचे काम आजींकडे.